साडी नेसणाऱ्या नटाला तीन आठवडे द्या

प्रति,
बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी आणि अथणी भागातल्या हौशी नाट्यमंडळी, गणेशोत्सव मंडळं, यात्रा कमिट्या आणि कॉलेजांच्या स्नेहसंमेलन समित्या यांना,

सप्रेम नमस्कार.

गणपतीच्या नाटकांच्या तालमी आता सुरू होतील. दिवाळी झाली की यात्रांची नाटकं. अडचणीत सापडलेला पुरुष साडी नेसून बाई होतो आणि मग एकावर एक घोटाळे होत जातात, असं एखादं तरी विनोदी नाटक या हंगामात असतंच. निवड चांगली आहे, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार पुढे जे होतं त्याबद्दल आहे. नट साडीत आला की पहिल्या मिनिटाला शिट्ट्या पडतात आणि दहाव्या मिनिटाला मांडव ओसरायला लागतो. दोष संहितेचा नसतो. गालावर दाढीची निळी झाक असते, टोप एका कानावर कललेला असतो, छातीत दोन चेंडू कोंबलेले असतात, आवाज चिरका काढलेला असतो, आणि समोरची घरमालकीण मात्र ‘काय गुणाची सून आहे हो’ म्हणत असते. म्हणजे घरमालकीण मूर्ख ठरते. मूर्खाला फसवलेलं बघायला कोण दोन तास बसेल?

आमचं मागणं एवढंच, की ही बाई खरी वाटली पाहिजे. प्रेक्षकाला गुपित ठाऊक असतं, रंगमंचावरच्या माणसांना नसतं. त्यांचं फसणं पटलं तरच पुढचं हसू टिकतं. त्यासाठी या नटाला साडीतल्या तालमीचे तीन आठवडे द्या आणि प्रयोगाच्या दिवशी रंगभूषेला सव्वा तास द्या. तो वेळ कशात घालवायचा, ते पुढे लिहिलं आहे.

आधी एक चित्रपट नीट बघा. सिडनी पोलॅक यांनी दिग्दर्शित केलेला ‘टूटसी’, 1982 सालचा. डस्टिन हॉफमन यांनी मायकल डॉर्सी नावाचा नट केला आहे. काम उत्तम, पण स्वभाव इतका भांडखोर की न्यूयॉर्कमध्ये त्याला कुणी उभं करत नाही. मित्राचं नाटक उभं करायला आठ हजार डॉलर हवे असतात. ओळखीची एक नटी ज्या भूमिकेची चाचणी देऊन नाकारली जाते, त्याच भूमिकेसाठी हा डोरोथी मायकल्स बनून जातो आणि दूरदर्शन मालिकेत रुग्णालयाच्या बाई प्रशासकाचं काम मिळवतो. चित्रपटाला ऑस्करची दहा नामांकनं मिळाली. पुरस्कार एकच, जेसिका लँग यांना सहायक अभिनेत्रीचा.

आपल्या मंडळींनी यातून पहिली उचलण्यासारखी गोष्ट म्हणजे बाई होण्याचा प्रसंग. तो प्रसंग त्यात नाहीच. तुला कुणी काम देणार नाही असं एजंट मायकलला तोंडावर सांगतो, आणि पुढच्याच दृश्यात गर्दीच्या रस्त्यावरून डोरोथी चालत येते. मध्ये साडी ओढणं नाही, ब्लाउज अडकणं नाही, चेंडू पडणं नाही. आपल्याकडे नेमक्या याच जागी दहा मिनिटांचा धिंगाणा घालतात. मित्र ओढताहेत, परकर डोक्यातून घातला जातोय, पब्लिक हसतंय. त्या दहा मिनिटांत सगळा मेकअप प्रेक्षकाच्या डोळ्यांसमोर उघडा पडतो आणि पुढे दोन तास तीच बाई त्याला खरी मानायची असते. तो प्रसंग कापा. अंधार करा, आणि उजेडात थेट बाई आणा.

दुसरी गोष्ट, जवळच्या माणसाची परीक्षा. चाचणी देऊन झाल्यावर डोरोथी उपाहारगृहात जाऊन तिच्या स्वतःच्या एजंटशेजारी बसते आणि रोज भेटणारा तो माणूस तिला ओळखत नाही. हे एकदा घडलं की बाकीचे का फसतात हे कुणी विचारत नाही. तुमच्या नाटकातही साडीतल्या नटाची पहिली गाठ सगळ्यात जवळच्या माणसाशी घाला. सख्खा भाऊ, रोजचा चहावाला, भाडं मागणारा मालक, कुणीही. परक्याला फसवण्यापासून सुरुवात केली तर चढायला पायरीच उरत नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, आणि आपल्या नाटकांतून तीच गळते. मालिकेचा दिग्दर्शक सेटवरच्या बायकांना लाडीगोडीच्या नावांनी हाका मारतो. डोरोथीलाही तो तशीच हाक मारतो, आणि माझ्या नावानं बोलव असं ती त्याला ठणकावते. चित्रपटाचं नाव त्या हाकेवरून आलं आहे. साडी नेसल्यावर मायकलला पहिल्यांदा कळतं की बाईचं बोलणं मधेच तोडतात, तिच्या रूपाचं मोजमाप तिच्या कामाआधी होतं. हॉफमन यांनी पुढे एका मुलाखतीत सांगितलं, की पडद्यावर स्वतःला बाई म्हणून बघितल्यावर त्यांना लक्षात आलं, रूप नाही म्हणून किती बायकांशी आपण आयुष्यात बोललोच नाही. हे सांगताना त्यांचा गळा दाटून आला होता. वेषांतराच्या विनोदाला बूड देणारी गोष्ट ही आहे. तुमच्या संहितेत साडीतल्या नायकाला बाई म्हणून एक तरी अपमान खरोखर सोसावा लागतो का, बघा. नसेल तर लेखकाकडून दोन पानं लिहून घ्या.

हा प्रकार आपल्याला परका नाही. ब्रँडन थॉमस यांच्या 1892 च्या इंग्रजी नाटकावरून आचार्य अत्र्यांनी ‘मोरूची मावशी’ लिहिलं, आणि विजय चव्हाण यांची मावशी अजून लोकांच्या डोळ्यांपुढे आहे. ‘अशी ही बनवाबनवी’ 1988 चा, सचिन पिळगांवकरांचा. त्याचं मूळ हृषीकेश मुखर्जींच्या 1966 च्या ‘बीवी और मकान’ मध्ये. त्यात सचिन यांची सुधा आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांची पार्वती शेजारी शेजारी ठेवून बघा. सुधा जवळजवळ पूर्ण बाई वाटते. पार्वती वाटता वाटता निसटते. दोघांची जात वेगळी ठेवली म्हणून जोडी रंगली. तुमच्या नाटकात दोन पुरुष साडी नेसणार असतील तर दोघांना एकाच साच्यातून काढू नका.

आणि हे विसरू नका, की संगीत नाटकाची घडी बसवणारे अण्णासाहेब किर्लोस्कर याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. त्यांच्या कंपनीच्या परंपरेत भाऊराव कोल्हटकर आणि नंतर बालगंधर्व स्त्रीभूमिका करून गेले. बालगंधर्वांचं साडी नेसणं, गजरा माळणं बघून घरंदाज बायका तसं करू लागल्या. ते वेषांतराचं काम नव्हतं, तिथे पुरुष लपलेला आहे हे विसरायचं होतं. वेषांतराच्या विनोदात तो आठवत राहायचा असतो. पण पदर सावरण्याची शिस्त दोन्हीकडे एकच.

आता भाषा. या मुद्द्यावर पुण्या-मुंबईची छापील संहिता आपल्या भागात हमखास आपटते. त्या संहितांमध्ये साडीतला नायक चुकून ‘मी येतो’ म्हणतो, दचकतो, ‘येते, येते’ म्हणून सावरतो, आणि तिथे हशा धरलेला असतो. आपल्याकडे, कोल्हापूरपासून बेळगावापर्यंत, कितीतरी बायका ‘मी येतो’, ‘मी दमलो’ असंच बोलतात. खेड्यातल्या प्रेक्षकाला त्यात चूक ऐकूच येत नाही. नट थांबतो, हशा येत नाही, आणि पुढचं वाक्य पोकळ पडतं. म्हणून चूक त्याच्या तोंडी न घालता दुसऱ्याच्या तोंडी घाला. ‘कवा आलास?’ असं मित्रानं घरमालकिणीसमोर विचारलं की ती चूक आपल्याकडेही ऐकू येते, कारण बाईला ‘आलीस’च म्हणतात. ‘बनवाबनवी’तलं ‘हा माझा बायको’ म्हणूनच कुठल्याही गावात चालतं. तिथे चुकतो तो नवरा.

भूतकाळात एक सोय आहे. ‘मी चहा घेतला’, ‘मी पत्र वाचलं’ यात बोलणारा बाई की बाप्या हे कळत नाही. ‘गेलो-गेले’, ‘बसलो-बसले’ यात कळतं. संहिता प्रमाण मराठीत ठेवणार असाल तर नटाच्या वाक्यांतली अशी क्रियापदं पेन्सिलीनं गोल करून ठेवा. बेळगावी बोलीत, ‘काय करूलास’ च्या ढंगात, करणार असाल तर गावातल्या दोन-तीन बायकांना वाक्यं वाचायला देऊन त्या कशा म्हणतात ते उतरवून घ्या. कानडीचाही उपयोग होतो. कानडीत ‘नानु बर्तीनि’ बाई म्हणो की पुरुष, रूप एकच. भेद दिसतो तो तिसऱ्या माणसाबद्दल बोलताना. अडचणीत सापडलेला नायक एकदम कानडीत शिरतो आणि सुटतो, ही युक्ती आपल्या सीमाभागातच शोभेल. पुण्याच्या मंडळींना ती सुचणार नाही.

आवाज. पुरुषाचा बोलण्याचा आवाज सेकंदाला साधारण 100 ते 130 कंपनांचा असतो, बाईचा 180 ते 220. नट थेट बाईच्या पट्टीत जायला बघतो आणि चिरकतो. त्याला नेहमीच्या आवाजात एक वाक्य बोलायला लावा, पेटीवर तो सूर शोधा, त्याला सा धरा. बाई म्हणून बोलायचं ते मध्यमाच्या आसपास. पंचमाच्या वर जाऊ नका. तेवढ्यात कान फसतो, कारण कान फक्त पट्टी ऐकत नाही. वाक्याची सुरुवात मऊ करा, शब्दावर हातोडा मारू नका, ओठ किंचित हसरे ठेवा म्हणजे आवाजातली घुमी कमी होते, आणि वाक्याचा शेवट खाली टाकू नका. रोज दहा मिनिटं, तीन आठवडे. चिरक्या आवाजात वीस मिनिटं बोललं की घसा बसतो आणि दुसऱ्या अंकात नट खरखरायला लागतो. ओरडायच्या प्रसंगी मूळ आवाज आपोआप बाहेर येतो. तो कुठे येऊ द्यायचा हे दिग्दर्शकानं ठरवावं, एका नाटकात फार तर दोनदा.

रंगभूषेत सगळ्यात जास्त चुका दाढीवर होतात. दाढी मेकअपच्या दोन तास आधी करायची. गरम पाण्याचा फडका पाच मिनिटं, मग केसांच्या दिशेनं एकदा, उलट एकदा, तुरटी, थंड पाणी. मेकअपला बसताना केली तर त्वचा लाल होते, घामानं चुरचुरते आणि रंग धरत नाही. दाढी कितीही घोटली तरी मुळांची निळी झाक राहते. तिच्यावर थेट गोरा पॅनकेक चोपडला की गाल राखेसारखे दिसतात. निळ्याला केशरी मारतो. म्हणून आधी लालसर केशरी रंगाचा अगदी पातळ हात, फक्त दाढी-मिशीच्या जागेवर, बोटानं थापटत. त्यावर पावडर दाबून बसवायची. पाच मिनिटं थांबायचं. मग नटाच्या रंगापेक्षा एकच छटा उजळ बेस, ओल्या स्पंजनं दाबत. घासलं की खालचा केशरी वर येतो आणि हनुवटी गाजरासारखी होते. पुन्हा पावडर. बिली वायल्डर यांनी 1959 चा ‘सम लाइक इट हॉट’ कृष्णधवल ठेवला त्याचं एक कारण हेच, की रंगीत चाचणीत त्यात बाई झालेल्या दोन नटांचे चेहरे मेकअपखाली हिरवट दिसत होते. हॉलिवूडला जे नडलं ते आपल्या मांडवात नडणार नाही असं समजू नका.

भुवया उपटू नका, नटाला दुसऱ्या दिवशी कामावर जायचं असतं. ओला साबण भुवईवर चोळून केस कपाळाला चिकटवा, सुकू द्या, पुन्हा एक थर द्या, वर बेस लावा, आणि नवी भुवई अर्धं बोट वर काढा, बारीक. काही गावांत अजून जुन्या पेटीतले मुर्दाडशिंग, सफेदा, हिंगूळ चेहऱ्याला लावतात. यांतून शिसं आणि पारा अंगात जातो. ती पेटी बंद करा.

दिव्यांचं सांगायला हवं. हल्ली सगळीकडे पांढरे एलईडी लावतात. त्यांचा निळसर पांढरा उजेड दाढीची झाक पुन्हा वर आणतो. समोरच्या दिव्यांत अंबर, म्हणजे पिवळसर केशरी उजेड, मिसळा. दिवे दोन्ही बाजूंनी, वरून तिरके असू द्या. खालून येणारा उजेड जबडा रुंद करतो आणि कंठमणी दाखवतो.

डोरोथीचा कंठमणी उंच गळ्याच्या ब्लाउजमागे आणि झालरीत लपतो; मोठा चष्मा चेहऱ्याची हाडं झाकतो. साडीवर ती सोय नाही असं वाटतं, पण आपल्याकडे चिंचपेटी आहे. गळ्याला घट्ट बसणारी, दोन बोटं रुंद चिंचपेटी नेमकी त्या जागी येते. खाली ठुशी आणि मंगळसूत्र. हनुवटी किंचित खाली ठेवायची सवय नटाला लावा.

छातीसाठी चेंडू, करवंट्या, फुगे नकोत. ते हलत नाहीत, किंवा भलत्या दिशेला हलतात. हलका स्पंजही नको, त्याला वजन नसतं. जाड सुती कापडाच्या दुहेरी पिशव्या शिवा, प्रत्येकीत 250 ते 300 ग्रॅम कोरडी ज्वारी भरा, गच्च भरू नका, आणि आतल्या कपड्याला टाके घालून पक्क्या करा. वजनामुळे नटाची पाठच आपोआप बदलते, चाल बदलते. ज्वारी दर हंगामात बदलायची, घामानं कुबट वास येतो आणि किडे होतात. कमरेला दोन्ही बाजूंना एक इंच जाड स्पंज पुरे. बाहीचं ब्लाउज कोपरापर्यंत, गडद रंगाचं, म्हणजे खांदे अरुंद दिसतात. ब्लाउजला पुढून वेल्क्रो लावा आणि वर खोटी बटणं शिवा.

साडीत एक हिशेब नेहमी चुकतो. साडीचा पन्हा साधारण 45 इंच. पाच फूट नऊ इंचाच्या नटाची कंबर जमिनीपासून 42-43 इंचांवर, वर खोचायला तीन-चार इंच लागतात. म्हणजे साडी जमिनीपासून एक-दोन इंच वरच थांबते आणि चालताना-बसताना केसाळ पाय दिसतात. उपाय दोन. परकर बेंबीखाली दोन बोटं बांधायचा, किंवा साडीच्या खालच्या काठाला त्याच रंगाची चार इंच पट्टी जोडायची. नऊवारी नेसवणार असाल तर आठ मीटरपेक्षा जास्त कापड कमरेभोवती असतं आणि कासोट्यामुळे धावपळीला ती सहावारीपेक्षा बरी, पण पोटऱ्या उघड्या पडतात. तिथले केस काढावेच लागतात. शहापूर-वडगावच्या मागावरची सुती साडी रंगमंचासाठी उत्तम. निसरत नाही, चमकत नाही, निऱ्या धरते. नायलॉनची चकचकीत साडी नव्या माणसाच्या अंगावर टिकत नाही आणि माईकजवळ सळसळते.

माईक पदराखाली लावू नका. टोपाच्या पुढच्या केसांत, कपाळाच्या कडेला लावा आणि वायर मानेवरून पाठीत सोडा. काचेच्या बांगड्या हातभर घातल्या तर प्रत्येक वाक्यावर किणकिण ऐकू येते. दोन-दोन ठेवा, झटापटीच्या प्रसंगाला धातूच्या. पुरुषाच्या हाताला 2.4 च्या बांगड्या चढणार नाहीत, 2.8 किंवा 2.10 आधीच बघून ठेवा, आयत्या वेळी बाजारात मिळत नाहीत.

चपलेसाठी धावाधाव करू नका. नऊ-दहा नंबरची बायकी चप्पल मिळणं कठीण, पण अथणी-निपाणीकडचे कारागीर मापानं करून देतात. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये मिळालेल्या भौगोलिक मानांकनात बेळगाव जिल्हाही आहे. ऑर्डर पंधरा दिवस आधी द्या आणि नटाला ती तालमीत घालू द्या.

टोपाचं गणित असं. खाली घट्ट जाळीची टोपी, नटाचे स्वतःचे केस सपाट. टोप पुढून बसवायचा आणि मागे ओढायचा. पिना चार जागी: दोन कानांच्या वर, दोन मानेवर. कपाळावर दुहेरी चिकटपट्टी. डोक्यावरून पदर घ्यायचा असेल तर पदर टोपाला पिनेनं टाचू नका. पदर खांद्याला ओढला गेला की टोपही जातो. पदराच्या आतल्या बाजूला पातळ प्लास्टिकचा हेअरबँड शिवा आणि तो टोपावर बसवा. शेवटच्या प्रसंगी टोप काढायचा असेल तर त्या अंकाआधी मानेच्या दोन पिना काढून घ्या. ‘टूटसी’त डोरोथी थेट प्रक्षेपणात, सगळ्या देशासमोर टोप उतरवते, आणि तो एकाच झटक्यात निघतो म्हणून तो क्षण तसा उभा राहतो. अडकलेला टोप तीन वेळा ओढावा लागला तर वर्षभराची मेहनत तिथे फुकट जाते.

पटकन वेष बदलण्यासाठी नव्वद सेकंद धरा. विंगेत दोन माणसं, दोघांची कामं वाटलेली. साडी शिवून घेतलेली, निऱ्या कायमच्या टाचलेल्या, कमरेला वेल्क्रो. खाली नटानं पँट गुडघ्यापर्यंत दुमडून ठेवायची. क्रम ठरलेला: साडी, ब्लाउज, दागिने, शेवटी टोप. उलट येताना टोप आधी. टिकली विसरते, नेहमी. आरशावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. घामानं ती गळतेही, म्हणून स्पिरिट गमचा, म्हणजे रंगभूषेतल्या डिंकाचा, थेंब लावा. हा बदल रंगीत तालमीच्या आधी किमान वीस वेळा घड्याळ लावून करा.

चालणं-बसणं शिकवायला दिग्दर्शक लागत नाही. तालमीच्या तीन आठवड्यांत नटाला साडीत घरकाम करायला लावा. झाडू मारणं, घागर उचलणं, जमिनीवर बसून भाजी निवडणं, मोटरसायकलवर एका बाजूला बसणं. पदर कुठे पडतो, कधी खोचावा लागतो, हे त्याला हातानं कळेल. पावलाचं अंतर एरवी 70-75 सेंटिमीटर असतं ते 50 वर आणा. जमिनीवर खडूच्या रेघा मारून सराव करा. एकाच बाईचं निरीक्षण करायला सांगा. चार बायकांचे चार हावभाव उचलले की कुठलीच बाई होत नाही.

दोन गोष्टी कळकळीनं सांगायच्या आहेत. पुरुषानं बाई होणं हे कथानकानं मागितलं तरच करा. नाटकातली आई, बहीण, नायिका यांना मुली मिळत नाहीत म्हणून पुरुष उभा करू नका. मुलींना तालमीनंतर घरी सोडायची सोय, कपडे बदलायला दाराला कडी असलेली खोली आणि तालमीची ठरलेली वेळ द्या, मुली येतील.

दुसरी गोष्ट सौंदत्तीची. यल्लम्माच्या डोंगरावर साडी नेसून देवीची सेवा करणारे जोगते, जोगाप्पा आपल्याच भागातले आहेत. मंजम्मा जोगती यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली. त्या कर्नाटक जानपद अकादमीच्या अध्यक्षा होत्या. साडीतला नायक अडखळला की त्यानं दोन हात आपटून टाळी वाजवायची आणि पब्लिकनं हसायचं, ही पद्धत त्यांचा अपमान करते, आणि मांडवात त्यांच्यापैकी कुणी बसलेलं असू शकतं. ती टाळी संहितेतून काढून टाका. कथेला तिची गरज नसते. हसू येतं ते नायकाच्या फजितीवर, आपल्या खोट्यात तो स्वतः अडकत जातो त्यावर. ‘टूटसी’त नायिकेचे वडीलच डोरोथीच्या प्रेमात पडतात आणि अंगठी घेऊन येतात, तेव्हा आपण त्या म्हाताऱ्यावर हसत नाही, आता हा यातून सुटणार कसा, याची धाकधूक लागते.

शेवटी प्रयोगानंतरचं. मेकअप उतरवायला खोबरेल तेल आणि कापूस, दहा मिनिटं. स्पिरिट गम काढायला रॉकेल लावतात, ते लावू नका. कातडी जळते आणि डोळ्यात गेलं तर इस्पितळ गाठावं लागतं. त्याचं द्रावण गमबरोबरच विकत घ्या. ज्वारीच्या पिशव्या उन्हात, टोप उलटा करून सावलीत वाळवा. आपल्याकडे गणपतीत, विशेषतः खानापूर-जांबोटीच्या बाजूला, पाऊस थांबत नाही. ओला टोप पेटीत ठेवला तर दुसऱ्या प्रयोगाला तो डोक्यावर बसत नाही. कंगवा टोकाकडून मुळाकडे चालवा, मुळापासून ओढू नका.

आपले,
सीमाभागातल्या नाटकांसाठी रंगभूषा, वेशभूषा आणि प्रकाशयोजना करणारे काही जण